हे गाजरगवत नाही

जिंतूरला आमच्या गल्लीत बळीरामनानांच्या फाटकावर एक पाटी आहे : ‘हे गाजरगवत नाही. उपटू नये.’ पाटीवर घराचा नंबर नाही की नानांचं नाव नाही.

पाटीमागे जे आहे त्याचं नर्सरीतलं नाव रुडबेकिया, मूळचं थंड मुलखातलं फूलझाड. दरवर्षी मुळापासून नवे धांडे फुटतात, माणसाच्या डोक्यावर जातात आणि उशिरा कधीतरी शेंड्याला पिवळी फुलं येतात. पाकळ्या खाली झुकलेल्या, मधोमध हिरवट बोंड. पण लहान असताना पानं थेट गाजरगवतासारखी. पहिल्या वर्षी खुरपणीच्या बाईनं अर्धं झाड इमानदारीनं उपटलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत, पाटी रंगवत बसले.

नाना एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. शिट्टी मारून गाड्या वेळेवर काढण्यात जन्म गेला आणि आता तोंडी एकच, ‘‘दमानं घ्या, सर.’’ मी शाळेत मास्तर, म्हणून सर. मे महिन्यात त्यांच्या कूलरचं तोंड घराकडे नसतं, झाडाकडे असतं. स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात.

‘‘त्याला थंडीची सवय हाय,’’ म्हणतात. ‘‘आपलं काय, आपण हितलेच.’’

इथपर्यंत मी समजून घेतलं. कोडं होतं ते कात्रीचं. श्रावणात नाना शेंडे खुडतात. फुटवे वाढावेत म्हणून शेंडे तर तुरीचेही खुडतात, त्यात नवल नाही. पण गणपती उठले, कळ्या धरल्या, की नाना त्याही कापतात. दसऱ्याला अख्खी गल्ली फुलं विकत आणते आणि हा माणूस कळ्या उकिरड्यावर टाकतो. मला राहवेना.

‘‘नाना, फुलं नकोत तर झाड कशाला?’’

‘‘फुलं पायजेत की. पर दिवाळी झाल्यावर पायजेत. तुमची नानी तवा येती.’’

नानी पुण्याला लेकाकडे, नातीला सांभाळायला. झाडाचं मूळही तिनंच ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेलं. दिवाळीनंतर सून नातीला घेऊन माहेरी गेली, की नानीला आठवडाभर सुट्टी. तेवढ्यासाठी नाना झाडाला वर्षभर थोपवून धरतात.

यंदा बेत बरोबर जमला होता. दिवाळी सरली, कळ्यांना पिवळी कड दिसू लागली. मी तिथेच उभा असताना नानीचा फोन आला.

‘‘बरं... न्हाई, हितं काय काम हाय? तू पोरीकडं बग.’’ फोन खिशात ठेवून नाना म्हणाले, ‘‘सून जाईना म्हणती यंदा. संक्रांतीला बगू म्हणली.’’

मला फार वाईट वाटलं. मीच आतून कात्री आणून दिली. आता खुडल्या तर संक्रांतीपर्यंत पुन्हा धरतील, म्हणालो. नानांनी कात्री घेतली, एक धांडा वाकवला, कळी जवळून पाहिली आणि सोडून दिली.

‘‘ऱ्हाऊ द्या, सर. फुलू द्या. त्याला तरी किती थांब म्हणावं माणसानं.’’