स्कूटरला लागलेली हळद

सूर्यकांतराव स्कूटरच्या मागच्या नंबरपाटीवर तिसऱ्यांदा फवारा मारत होते, तेव्हा ताराबाई दारात आल्या.

"अहो, पाटीला आंघोळ घालताय का?"

"नांदेडला सिग्नलवर कॅमेरे बसवलेत म्हणे. हे मारलं की फोटोत नंबर येत नाही. बाजारात एकानं दिलं."

"तुम्ही कधी सिग्नल तोडलाय?"

"तोडला नाही. पण चुकून तुटला तर?"

वसमतच्या वाचनालयात तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या माणसाचा स्वतःवर भरवसा म्हणून नव्हता. डबीवर लिहिलं होतं, एकदाच मारा आणि तीन तास वाळू द्या. एका हातानं भागेल का, या शंकेनं दुसरा हात दिला. दुसऱ्याची शंका आली म्हणून तिसरा. वाळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. डिकीत वही होती. तांड्यातल्या बायकांची गाणी त्यांनी अकरा वर्षं ऐकून ऐकून त्यात उतरवली होती. दुसरी प्रत नव्हती, आणि गाणाऱ्यांपैकी निम्म्या आता राहिल्या नव्हत्या. नांदेडचे एक प्रकाशक आज ती वही बघणार होते.

वाटेत ते मोंढ्यात थांबले, फक्त वहीतल्या एका शब्दासाठी. तांड्यावरचा हिरासिंग तिथं हळद पॉलिश करायला आला होता. मोठा ड्रम घरघरत होता. त्याच्या बाजूलाच स्कूटर लावून सूर्यकांतराव आत गेले.

"काका, ह्यो शब्द चौथ्यांदा इचारून राहिले तुमी! बराबर हाय म्हनलं ना!"

समाधानानं ते बाहेर आले. किल्ली लावली, वहीत खूण करायला डिकी उघडली आणि ओरडले, "हिरासिंग, माझ्या वहीची वांगी झाली!"

हिरासिंगनं डोकावून पाहिलं. दोनेक किलो वांगी होती. "काका, ही गाडी तुमची न्हाई. येकसारख्या राखाडी दोन उभ्या होत्या. जुन्या गाड्यायला कोनाची बी किल्ली लागते. तुमची नेली कोनीतरी."

"पण त्यानं नंबर तरी बघायचा!" सूर्यकांतराव म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

चौकीत हवालदार संतराम बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आत सूर्यकांतरावांनी कबुली दिली. "साहेब, मी नंबर लपवलाय. पण अजून गुन्हा केलेला नाही."

"बरं. नंबर सांगा."

सूर्यकांतरावांनी तोंड उघडलं. वाचनालयातल्या हजारो पुस्तकांचे दाखल क्रमांक त्यांना पाठ होते. स्कूटरचा येईना.

"कागदपत्रं?"

"डिकीत."

"कॅमेऱ्यापासून लपवायचा होता ना? मंग मालकापासून काहून लपवला?"

सोबत आलेला हिरासिंग मध्येच म्हणाला, "सायेब, नंबर दिसनारच न्हाई. त्या चिकट्यावर आमच्या ड्रमची सारी हळद बसली. नवरदेवावानी पिवळीधम्मक झाली पाटी. म्या सांगनार व्हतो, पन काका शब्दात गुतले व्हते."

हवालदार उठून उभे राहिले. "पिवळी पाटी? राखाडी स्कूटर? अवो, नाक्यावर आमच्या मानसानं मघाच एक मास्तर अडवलाय! घरच्या गाडीला पांढरी पाटी असती, पिवळी भाड्याच्या गाडीला. परमिट मागितलं तर रडकुंडीला आला. म्हनतो, सकाळी पांढरीच होती!"

नाक्यावर देविदास मास्तर घाम पुसत उभे होते. सूर्यकांतराव आधी डिकीकडे धावले. वही होती. ती त्यांनी छातीशी धरली.

"काका, माफ करा," मास्तर म्हणाले. "नंबर दिसला असता तर..."

"माफी मीच मागायला हवी. तुमची वांगी सुखरूप आहेत."

हवालदारांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि म्हणाले, "आता मोठ्यानं वाचा. पाच वेळा." सूर्यकांतरावांनी वाचला. मास्तरांनी सवयीनं एकदा उच्चार दुरुस्त केला.

नांदेडच्या सिग्नलवर कॅमेरा नव्हताच. खांबावर भोंगा होता. पण प्रकाशकांनी वही ठेवून घेतली.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. ताराबाई ऋणनिर्देश मोठ्यानं वाचत होत्या. आधी गाणाऱ्या साऱ्या बायका, मग हिरासिंग, देविदास मास्तर, हवालदार, आणि 'ज्यांचं नाव विचारायचं राहिलं ते फवारेवाले'.

"चिकटा विकणाऱ्याचे आभार?"

"त्याचा माल चांगला असता तर हळद चिकटली नसती, मास्तर नाक्यावर अडले नसते आणि वही गेली असती, तारा."

"आणि खाली हा आकडा कसला?"

"आपल्या स्कूटरचा नंबर," सूर्यकांतराव संकोचून म्हणाले. "पुस्तकात असलं की मला आठवतं."