पायांवर उभी राहणारी झोळी

म्हादबा हवालदार कुणाच्याही घरी गेले की लगेच बसत नसत. पाट असो, स्टूल असो, खुर्ची असो, आधी ती वस्तू उलटी करायची, तिचे पाय हलवून पाहायचे, सांध्यात नख घालायचं आणि मग एक तर "पास" म्हणून बसायचं, नाहीतर "रिजेट" म्हणून भिंतीला टेकून उभं राहायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले, तेव्हा साहेब बसणार एवढ्यात हवालदारांनी त्यांच्या खालची खुर्ची ओढून घेऊन उलटी केली. साहेब पडता पडता वाचले. "मागचा डावा पाय लूज हाय, सायेब. म्या तर बसलो नसतो," हवालदार म्हणाले. साहेबांनी सगळी तपासणी उभ्याने केली. शाळेच्या वहीत त्यांनी जो शेरा लिहिला तो मी इथे सांगणार नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. लढाईच्या त्या दिवसांत माझी बदली इस्लामपूर आणि पलूसच्या मधल्या एका गावात झाली होती आणि हवालदारांच्या घराला लागूनच मी एक खोली घेतली होती. गावातला निम्मा तरणा माणूस पलटणीत, उरलेला उसात. रॉकेल कार्डावर मिळे, तेही वेळेवर नाही. मला स्वतःला टापटीप आवडते, वेळच्या वेळी जेवण लागतं, आणि नशिबी हा शेजार आला.

हवालदार पहिल्या लढाईत बसऱ्याकडे जाऊन आलेले. मात्र बंदुकीपेक्षा त्यांचा संबंध स्टोअरशी जास्त आला. अठरा वर्षं त्यांनी कांबळी, बूट, तंबू आणि बादल्या तपासल्या. रजेवर यायचे तेवढेच घरी. मागे घर, रान आणि परडं सांभाळलं ते त्यांच्या बायकोने, पारूकाकीने.

ही पारूकाकी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली होती. परड्यातल्या आडावर पाणी शेंदताना पडली आणि कमरेखालचं अंग गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी जमेल ते केलं आणि घरी पाठवलं. तेव्हापासून ती माजघरात. मी विचारपूस करायला गेलो की म्हणायची, "वासं मोजून झालं, मास्तर. एकोणीस हायती. तेरावा वाळवीनं खाल्लाय." एवढं बोलून ती हसायची.

तिला एकच हवं होतं. परड्यात बसून आपली म्हैस, आपली वांगी आणि आडाच्या कडेचा वालाचा वेल बघायचा होता. बाज बाहेर टाकून पाहिली, पण सुंभ पाठीला काचायचा आणि सपाट निजलं की तिचा दम कोंडायचा. तेव्हा हवालदारांना जहाज आठवलं. "आमाला बोटीत निजाय झोळ्या हुत्या, मास्तर. पाठीला कुटं टोचत न्हाई. मानूस निम्मं बसल्यागत, निम्मं निजल्यागत ऱ्हातंय."

पण बोटीत आकडे असतात. परड्यात होता एक शेवगा, आणि शेवग्याची फांदी कावळा बसला तरी मोडते. शिवाय सकाळी ऊन हवं, दुपारी सावली हवी, म्हणजे झोळी हलवता आली पाहिजे. तेव्हा झाडाबिडाला न बांधता आपल्या पायांवर उभी राहील, एक-दोन माणसांना उचलेल आणि हवालदाराच्या पेन्शनीत बसेल अशी झोळी निवडायची, असं ठरलं. ते दसऱ्याला ठरलं. संक्रांत होऊन गेली तरी निवड चालूच होती.

गावच्या सुताराने बाभळीची केली. ती हलवायला चार माणसं लागली. हवालदार म्हणाले, "हिला वडाय बैलं जुपाय लागतील. रिजेट." सागवान मागितलं तर सुताराने नुसतं वर बघितलं, कारण सागवान तेव्हा सगळं सरकारी कंत्राटात चाललं होतं. इस्लामपूरच्या लोहाराने गाडीच्या जुन्या धावेचं लोखंड वाकवून एक सांगाडा उभा केला. हवालदारांनी तो भर दुपारी उन्हात ठेवला आणि घटकाभराने त्यावर हात टेकला. "तवा झाला हिचा. हिच्यावर भाकरी हुईल. रिजेट."

मग कळलं की रहिमतपुरात कुणा साहेबाच्या सामानातली घडीची झोळी विकायला आहे. मलाही घेऊन गेले, कारण व्यापाऱ्याशी बोलायला शिकलेला माणूस बरा. झोळी दिसायला झकास. हवालदारांनी ती उलटी केली, सुलटी केली, खिळे मोजले, आणि "पास" म्हणून आत बसून दोन्ही पाय वर घेतले. त्या क्षणी झोळी मिटली. आतून फक्त त्यांचा फेटा आणि एक वहाण दिसत होती. तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी कपडे झटकले आणि शांतपणे व्यापाऱ्याला सांगितलं, "तिच्या जागी मी हुतो ते बरं झालं. रिजेट."

प्रत्येक ठिकाणी ते बरोबर ज्वारीचं एक पोतं नेत. झोळीत आधी पोतं ठेवायचं, हलवायचं, मग स्वतः बसायचं. गावात याची फार चेष्टा चाले. म्हातारा झोळीला नैवेद्य दाखवतो, असं पोरीबाळी म्हणत. मीही हसत होतो, खोटं कशाला बोलू.

एका रविवारी सकाळी ते सोप्यात बसून त्या पोत्यातून मापट्याने ज्वारी काढत होते. दोन मापटी काढली, पोतं दोन्ही हातांवर उचललं, खाली ठेवलं, आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि आणखी एक मापटं काढलं. मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाले, "हिच्या वजनाचं ठेवलंय. दर आमुशेला हिला उचलून बगतो, मग पोतं उचलतो. आट्रा वर्सं माल उचाललाय, हाताला कळतंय." पोतं दसऱ्याला भरलेलं होतं. आता त्याचं तोंड निम्म्यावर आलं होतं.

मला राहवलं नाही. मी जरा तापटच आहे. म्हणालो, "हवालदार, अहो, घेऊन टाका ना एखादी. तुमची निवड होईपर्यंत काकी..." आणि पुढचं बोलणं मी गिळलं.

ते रागावले नाहीत. मापटं खाली ठेवून म्हणाले, "आडाकडंचा दगूड हालत हुता, मास्तर. ज्याच्यावरनं ती पडली त्यो. मला ठावं हुतं. सा म्हैनं ठावं हुतं. उद्या बशिवतो, उद्या बशिवतो म्हनत ऱ्हायलो. सरकारची बादली गळती का बगाय मी आट्रा वर्सं डोळं फाडून बसलो, आन घरचा दगूड..." पोत्याचं तोंड बांधत बसले. बसायच्या वस्तू उलट्या करायची सवय त्यांना त्या पडण्यानंतर लागली, हे मला गावात पुढे कुणीतरी सांगितलं. त्यानंतर मला त्यांचं हसू आलं नाही.

शेवटी इस्लामपूरच्या बुरूड आळीत झोळी सापडली. बांबूची. दोन लांब बांबू, मधे आडव्या पट्ट्या, दोन्ही टोकांना कैचीसारखे पाय, आणि सगळं सोडून परत बांधता येईल असं. हलकी, स्वस्त आणि मजबूत. हवालदारांनी पोतं ठेवलं, स्वतः बसले, मला बसवलं, बुरडालाही बसवलं. अर्ध्या तासाने म्हणाले, "पास." त्यांच्या तोंडून तो शब्द मी फार दिवसांनी ऐकत होतो. बुरडाने बिचाऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. लढाईमुळे कॅनव्हास मिळत नव्हता, म्हणून कोऱ्या मांजरपाटाचं दुहेरी कापड घेतलं. मी माझ्यासाठी पाण्याला एक नवं मडकं घेतलं, कारण जुनं पाझरायला लागलं होतं.

तिसऱ्या प्रहरी बैलगाडीने गावाच्या शिवेवर आलो. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही. तेव्हा झोळीचे पाय सोडून बांबूंना बांधले, वर मांजरपाटाची घडी ठेवून सुंभाने आवळली, आणि पुढून गाडीवानाने, मागून हवालदारांनी ते सगळं खांद्यावर घेतलं. पोतं गाडीत राहिलं. मी माझं मडकं घेऊन पुढे चालू लागलो.

खरं सांगतो, माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. चावडीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, मास्तरांना मान देतायत. एकाने फेटा काढून हातात घेतला. मी मान हलवून नमस्कार केला. हवालदारांना दम लागला होता, ते खाली मान घालून चालत होते. ओले हिरवे बांबू, कोरं पांढरं कापड, सुंभ, आणि पुढे मडकं धरून एक माणूस. गावात दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली एक बाई होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एवढं सामान एकदम कशासाठी आणतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं फक्त आम्हा तिघांना.

बातमी मागच्या बोळाने आमच्या आधी पोचली. गल्लीच्या तोंडाशी आलो तर हवालदारांच्या दाराशी कुणी शेणी आणून रचत होतं, आणि सोप्यातून बायकांचं रडणं ऐकू येत होतं.

हवालदार थांबले. त्यांच्या खांद्यावरून बांबू घसरला आणि ते मधल्या गल्लीत, धुळीत, तसेच खाली बसले. "आज सकाळी तर च्या पेली हुती," एवढंच म्हणाले. मी पुढे जाऊन बघायला हवं होतं, पण मी तिथेच थांबलो. हातातलं मडकं कुठे ठेवावं ते कळेना. मला मनापासून वाटलं की आपण उशीर केला, आणि इतके महिने आपण या माणसाला हसत होतो.

एवढ्यात माजघरातून आवाज आला, "कोन गेलं गं?"

रडणं मधेच थांबलं. बायका सोप्यात बसूनच रडत होत्या, आत अंधारात कुणी डोकावलंच नव्हतं, आणि पारूकाकीची दुपारची झोप त्या आवाजाने मोडली होती. सगळ्यांत मोठ्याने रडत होती ती परड्यापलीकडची गोदाबाई. कोंबडीवरून भांडण झाल्यापासून चार वर्षं तिने काकीशी अबोला धरला होता. काकीने तिचा आवाज बरोबर ओळखला. "गोदे, मी जित्ती हाय. रडून झालं आसंल तर च्या ठेव चुलीवर." गोदाबाईने डोळे पुसले आणि खरोखरच चहा ठेवला.

माणसं शेणी उचलून मुकाट्याने घरी गेली. हवालदार आत गेले, तिला बघून आले आणि कोनाड्यातली कुऱ्हाड घेऊन बाहेर निघाले. "रिजेट," ते म्हणाले. "ह्या बांबूवर मी तिला निजवनार न्हाई. आत्ता तोडतो."

"आवं," काकीने आतून हाक मारली. "काय आनलंय ते बगू तरी द्या मला."

मी आणि गाडीवानाने ती माजघराच्या दारात उभी केली. तिने झोळी पायांपासून वरपर्यंत बघितली. मग म्हणाली, "येक दिस मला बांबूवरच जायाचं हाय. तवा मला काय दिसनार हाय? आत्ता हाय तवर बसू द्या. वालाला श्येंगा आल्या आसतील."

हवालदारांनी कुऱ्हाड कोनाड्यात ठेवली. झोळी परड्यात मांडली, चारही पायांखालची जमीन हाताने चाचपली, एक खडा काढून फेकला आणि मग काकीला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. फार दिवसांनी ती उजेडात आली होती. तिचा चेहरा किती पिवळा पडलाय ते मला पहिल्यांदा दिसलं. तिने वेल बघितला, म्हैस बघितली. मग म्हणाली, "म्हस वाळली गं बाई." आणि पदराने डोळे पुसले.

ती होळीपर्यंत जगली. रोज ऊन वर आलं की हवालदार तिला परड्यात आणत. ती वेलाच्या शेंगा मोजायची, म्हशीशी बोलायची, गोदाबाईला कुंपणावरून दोन शब्द सुनवायची. आणि हवालदार झोळीचा बांबू एका हाताने धरून शेजारी उभे असत. सकाळी उभे, मी शाळेतून परत यायचो तेव्हाही उभे. बसत नसत, टेकत नसत, हात बदलायचे तेवढाच.

एकदा काकीच मला म्हणाली, "मास्तर, ह्यास्नी वाईच बसाय सांगा. पाय सुजल्याती. ह्यांनीच पास केलीया न्हवं झोळी?"

मी म्हणालो, "हवालदार, सोडा की आता. झोळी आपल्या पायांवर उभी आहे. पडत नाही ती."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या अंगावरची वाकळ दुसऱ्या हाताने सारखी करत म्हणाले, "ती ऱ्हाती की हुबी, मास्तर. माजंच पाय ऱ्हात न्हाईत, तिला धरल्याबिगार."