हंसध्वनीतला ध

दातांच्या डॉक्टरांना श्रोत्यांची कधी वाण पडली नाही. दवाखाना उघडला की एकेक श्रोता आपल्या पायांनी चालत येई, खुर्चीत आडवा होऊन तोंड उघडी आणि डॉक्टर त्याच्या तोंडात आरसा घालून हंसध्वनी सुरू करत. श्रोत्याला दाद देता येत नसे, तशी तक्रारही करता येत नसे. उठून जाण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हंसध्वनी हा कर्नाटक संगीतातला पाच सुरांचा राग. सा, री, ग, प, नी. म आणि ध यांना त्यात मज्जाव. म डॉक्टरांनी मोठ्या कष्टाने सोडला होता, पण प वरून नी कडे जाताना मधला ध हटकून लागे.

"डॉक्टर, ध!" शिकवणीला बसले की गुरुजी मांडीवर हात आपटून ओरडत. "प वरून उडी मारायची ती थेट नी वर. मधे पाय टेकायचा नाही!"

डॉक्टर मान डोलवत आणि पुन्हा पाय टेकत. त्यांचाही इलाज नव्हता. पोकळी दिसली की ती भरायची, यात उमेदीची सगळी वर्षं गेलेली. हाताची सवय गळ्यात उतरली होती.

त्या दुपारी खुर्चीत खुद्द गुरुजी येऊन बसले, गालाला हात लावून.

"डॉक्टर, दाढ ठणकतेय. संध्याकाळी गायचंय. काय वाट्टेल ते करा, पण बसता येईल असं करा."

आजच्या संध्याकाळसाठी गुरुजींनी किती हेलपाटे घातले होते ते डॉक्टरांना माहीत होतं. सभागृहाचे सेक्रेटरी दरवेळी एकच सांगत, "गुरुजी, तुमच्या गाण्याला खुर्च्या तेवढ्या येतात. माणसं येत नाहीत." अखेर या खेपेला कुणा जादूगाराने आयत्या वेळी नकार दिला म्हणून एक संध्याकाळ मिळाली होती, तीही बजावून: रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर पुन्हा विषय काढायचा नाही.

"काही काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. "जरासं बधिर करतो, किडलेलं कोरून भरून टाकतो. गाण्याच्या वेळेपर्यंत सगळं उतरेल."

त्यांनी सुई हातात घेतली आणि सवयीने गुणगुणायला लागले. री... ग... प... आणि ध.

गुरुजी तोंडात सुई असताना खुर्चीतून उसळले.

"हललात, गुरुजी. वाया गेलं बघा," असं म्हणत डॉक्टरांनी दुसरी सुई भरली. मन शांत ठेवण्यासाठी पुन्हा हंसध्वनी धरला. पुन्हा ध आला, गुरुजी पुन्हा उसळले. म्हणून तिसरी. पहिल्या दोन्ही वाया गेल्या असं डॉक्टरांना वाटत होतं. त्या गेल्या नव्हत्या.

दाढ सुरेख भरली गेली. डॉक्टरांनी हात धुतले.

"आता सा लावून बघा."

"हा," गुरुजी म्हणाले.

"री?"

"ई."

"प?"

गुरुजींनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. एक बाजू मिटली, दुसरी लोंबत राहिली आणि त्या फटीतून नुसती हवा गेली. नी चंही तेच झालं. शेवटी त्यांनी घशातून जोर लावला. "ग!" तो मात्र खणखणीत आला. पाच सुरांच्या रागातला एक सूर हाताशी राहिला होता. शब्द सोडून नुसता आकार लावावा, तर जबडा भलतीकडे जाई आणि सुराबरोबर लाळ येई.

एवढ्यात व्हायोलिनची पेटी घेऊन काकू आल्या. गुरुजींच्या साथीला व्हायोलिन त्याच वाजवत आणि संसारातही सूर त्याच धरून ठेवत.

"अहो, तयार का? असे काय बघताय?"

"ग," गुरुजी म्हणाले आणि सदऱ्याची बाही हनुवटीला लावली.

डॉक्टरांनी घडलं ते सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला, पण क्षणभरच.

"उतरेल ना हे?"

"उतरेल. पण जरा उशिरा."

"मग सुरुवातीचा हंसध्वनी तुम्ही गा. तेवढ्यात यांचं तोंड जागेवर येईल."

"मी? काकू, मला ध लागतो!"

"जीभ तुम्ही घालवलीत, डॉक्टर. आता गळाही तुमचाच लागणार."

सेक्रेटरींना कळवायला हवं होतं. डॉक्टर प वरून नी वर उडी मारून बघण्यात गुंतले होते, म्हणून फोन त्यांच्या मदतनीस बाईंनी केला. सभागृहात तेव्हा कुणीतरी खिळे ठोकत होतं आणि कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं.

"सर, गुरुजींची वाचा गेली हो!"

"काय? गुरुजी गेले?" खिळ्यांच्या आवाजात सेक्रेटरींना तेवढंच ऐकू आलं आणि बाईंना त्यांचं नुसतं "काय?"

"हो ना, आत्ताच. आमच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तीन इंजेक्शनं दिली."

"अरेरे! फार त्रास झाला का?"

"आधी खूप उसळत होते. आता अगदी शांत आहेत."

"मग काकू?"

"त्या घेऊन येताहेत त्यांना तिकडेच. लोकांना निदान दिसले तरी पाहिजेत, असं म्हणाल्या. आणि पहिला राग आमचे डॉक्टर गाणार आहेत."

बिचाऱ्या डॉक्टरांना किती टोचत असेल, असं सेक्रेटरींच्या मनात आलं, आणि त्यांनी फोन ठेवला तो पुढचे चाळीस फोन करण्यासाठी.

तिघं सभागृहाशी पोचले तेव्हा दारापाशी चपला-बुटांचा खच पडला होता. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि ते काकूंच्या मागे सरकले. सभागृह गच्च भरलं होतं. भिंतीला टेकून माणसं उभी होती. गंमत म्हणजे खुर्ची मिळालेलीही उभीच होती, माना खाली घालून, डोळे मिटून.

"बघा, केवढा आदर!" काकू कुजबुजल्या. "गाण्याआधी ध्यान करताहेत."

तिघं पाय न वाजवता मागच्या रांगेच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. शांतता संपली, सगळे बसले, आणि त्यांना व्यासपीठ दिसलं. गुरुजींचा मोठा फोटो. फोटोपुढे गाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र. बाजूला मृदंगवाले आपल्या मृदंगावर हात ठेवून मुसमुसत होते.

काकूंच्या सगळं ध्यानात आलं. त्या पुढे निघाल्या, पण गुरुजींनी हात धरून त्यांना थांबवलं. सेक्रेटरी बोलायला उभे राहिले होते.

"असा कलावंत पुन्हा होणे नाही," सेक्रेटरी म्हणाले. गुरुजींनी मान हलवून संमती दिली. "आम्ही करंटे. त्यांनी सभागृह मागितलं आणि आम्ही खुर्च्या मोजत बसलो. आज ते असते, तर दर महिन्याचा पहिला रविवार मी त्यांच्या नावाने लिहून दिला असता. भाडं न घेता! तुम्हां सर्वांसमोर सांगतो, आज ते हवे होते!"

"ग!" मागच्या रांगेच्या पाठीमागून आवाज आला.

मृदंगवाल्यांनी वर पाहिलं. त्यांच्या हातून मृदंगावर अशी काही थाप पडली की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारच्याला मिठी मारली. सगळं सभागृह मागे वळलं. गुरुजी एका बाजूने हसत मधल्या वाटेने निघाले होते. दुसरी बाजू अजून बधिर होती.

"गुरुजी... तुम्ही आहात?" सेक्रेटरींनी माइकवरच विचारलं.

"आहेत, आहेत," काकू व्यासपीठावर चढत म्हणाल्या. "फक्त तोंड बधिर आहे. पहिला रविवार म्हणालात ना? ऐकलं आम्ही. बसा खाली. डॉक्टर, वर या."

डॉक्टर वर आले ते पायांनी आले की काकूंनी ओढले म्हणून, हे त्यांना पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. समोर एवढी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आता पळावं असा विचार करून त्यांनी एकदा सभागृहावर नजर फिरवली, आणि थबकले. गेलेला माणूस चालत आल्यामुळे झाडून सगळ्यांची तोंडं उघडी होती. रांगेमागून रांग, वरचे दात, खालचे दात, तिकडे कोपऱ्यात त्यांनीच बसवलेली एक चांगली कवळी. डॉक्टरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांनी सा लावला.

काकूंच्या व्हायोलिनने तो अलगद उचलून धरला. री आला, ग आला. डॉक्टर चढत चढत प वर पोचले आणि तिथेच घुटमळले. पुढे पोकळी होती. गुरुजी शेजारी श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी खुदकन हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, आणि त्या खिंडीमुळेच तिचं हसू असं काही खुललं होतं की तिथे कुणी काही भरायचा विचारही करू नये. डॉक्टरांनीही तो केला नाही. त्यांनी प सोडला, आणि थेट नी वर उतरले.

ध आला नाही.

गुरुजींनी मांडीवर हात आपटला. डॉक्टर दचकले, पण तो हात शाबासकीचा होता. मग डॉक्टरांनी पुन्हा उडी मारली, पुन्हा मारली. वरून खाली आले, खालून वर गेले, आणि एकदाही पाय टेकला नाही. मृदंगवाले रडणं विसरून सुटले. लोकांनी आता तोंडं मिटली होती आणि माना डोलत होत्या. डॉक्टरांच्या ते लक्षातही आलं नाही.

राग रंगात आला असतानाच शेजारून एक जाड, किंचित तोतरा, पण भरदार "सा" उमटला. गुरुजींची जीभ जागी झाली होती. त्यांनी डॉक्टरांना थांबू दिलं नाही. दोघांनी मिळून हंसध्वनी असा काही गायला की रडायला आलेली माणसं टाळ्या वाजवून हात लाल करून घेऊ लागली. पुढे गुरुजी एकटे गायले, भरपूर गायले, आणि एकही खुर्ची रिकामी झाली नाही.

शेवटी सेक्रेटरी माइकपाशी आले. पहिल्या रविवाराबद्दल त्यांनी काही खुलासा करायला तोंड उघडलं, पण "पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा हंसध्वनी पुन्हा ठेवा!" असा मागून गलका झाला आणि तो खुलासा त्यातच वाहून गेला.

डॉक्टरांचा सत्कार करायला हवा होता आणि आयत्या वेळी हाताशी दुसरं काही नव्हतं. सेक्रेटरींनी पुष्पचक्रावरची श्रद्धांजलीची पट्टी उलटी केली आणि ते टाळ्यांच्या गजरात डॉक्टरांच्या हाती दिलं.

ते गाडीत मावेना. मग डॉक्टर ते दोन्ही हातांनी छातीशी धरून पायीच घरी निघाले. दुकानदार दुकानातून उठून उभे राहिले. गप्पा मारणाऱ्यांनी गप्पा थांबवल्या. चौकात वाहनं आपणहून थांबली, आणि एका गृहस्थाने तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. डॉक्टर प्रत्येकाकडे पाहून नम्रपणे मान लववत होते. मैफल रंगली हे खरं. पण तिची बातमी इतक्या लवकर सगळ्या रस्त्याला कळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.