डोमाजीची काळी बत्तिशी

डोमाजी माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलला नाही. तो तोंडात बघायचा. तुम्ही रामराम म्हणालात की तो रामराम त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्यानं तुमच्या दाढा मोजलेल्या असत. भाच्यासाठी मुलगी बघायला जाताना एकदा याला सोबत नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. मुलीनं बिचारीनं नाव सांगायला तोंड उघडलं आणि हा पठ्ठ्या भर बैठकीत म्हणाला, "वरचा सुळा वाकडा हाय, पन मजबूत हाय. करून टाका." तरीही लग्न जमलं, हे भाच्याचं नशीब.

मी तेव्हा अल्लीपूरच्या शाळेत मास्तर होतो आणि डोमाजीचं घर माझ्या घराला लागून. जातीचा सोनार. बापाच्या हाताखाली नथी घडवल्या, धंदा बसला तसा नागपूरला गेला आणि एका दातांच्या डॉक्टरकडे मागच्या खोलीत कितीतरी वर्षं कवळ्या घडवत राहिला. पुढच्या खोलीत डॉक्टर म्हणायचे, मी तुम्हाला नवे दात देतो. मागे हा ऐकायचा आणि धुमसायचा. शेवटी एक दिवस बाहेर येऊन त्यानं पेशंटला सांगितलं की दात म्या देऊन राह्यलो, हे नुसते बसवून राह्यले. डोक्यावर टोपी घातली आणि तसाच गावी निघून आला.

गावानं त्याला वेड्यात काढलं. म्हाताऱ्यांचे दात पडायचेच, त्याचं दुकान कसलं थाटतोस? डोमाजीनं कोणाला धूप घातली नाही. मालगुजारांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची, रस्त्यावरची खोली भाड्यानं घेतली. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण मालगुजारांचा रुबाब काही कायद्याला जुमानत नव्हता. खोलीत पायानं फिरवायचं घासायचं यंत्र, प्लास्टरचं पोतं, मेणाच्या वड्या आणि कवळी शिजवायचं एक पातेलं. दात काढायच्या भानगडीत तो पडत नसे. उपटणं कोणालेही जमते, म्हणायचा. नवी कवळी बसली की गिऱ्हाईक आरसा मागे. हा आरसा न देता हातावर फुटाणे ठेवायचा आणि म्हणायचा, "बोलू नको, चाव." मूठभर फुटाणे संपल्याशिवाय सुटका नाही, मग बाहेर बैलगाडी दोन तास का ताटकळेना.

त्याची पहिली फजिती झाली भागीरथाबाईच्या कवळीत. नागपुरात शिकलेला हात, त्यानं म्हातारीला मोत्यासारखी पांढरीशुभ्र कवळी करून दिली. म्हातारी घरी गेली आणि घरात रडारड! आमच्याकडे सवाष्ण बाई दातवण लावून दात काळे ठेवायची. पांढरे दात विधवेचे. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण डोमाजी नागपूरहून येताना विसरून आला होता. भागीरथाबाईचा नवरा काठी घेऊन दुकानात आला आणि विचारू लागला, मी जित्ता असताना माह्या बायकोले विधवा काऊन केलं?

डोमाजीला खजील झालेला मी तेवढा एकदाच पाहिला. पंधरा दिवस तो घरीच हिरडा आणि हिराकस उकळत बसला. हात काळे, भिंती काळ्या, माझ्या दोरीवरचं धोतरही काळं. पण शेवटी दातवणाचा अस्सल रंग त्यानं कवळीवर चढवला. मग पवनारपासून हिंगणघाटपर्यंतच्या म्हाताऱ्या त्याच्याकडे येऊ लागल्या.

आणि इथंच माशी शिंकली. डोमाजीची थोरली बहीण अंजिराबाई त्याच्याजवळ राहायची. सोळाव्या वर्षी विधवा झालेली, आता साठीला आलेली, तोंडाचं बोळकं. एका सकाळी विहिरीवर तिला ठसका लागला, तोंडावरचा पदर सरकला आणि बायकांना दिसली विधवेच्या तोंडात काळी बत्तिशी. दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला.

मालगुजारांनी डोमाजीला बोलावलं. मीही गेलो. ती कवळी आजच चुलीत घाल, नाहीतर माझी खोली खाली कर, असं त्यांनी बजावलं. खोली गेली म्हणजे दुकान गेलं. त्यांच्या मर्जीविरुद्ध गावात दुसरी जागा कोण देणार? मी डोमाजीचा सदरा ओढला. हळूच म्हटलं, पांढरी करून दे बाबा, तुझं काय जातं? तो मालगुजारांच्या जबड्याकडे टक लावून बघत होता.

"मालक, खालची कवळी ढिली झाली तुमची. बोलताना उचलून राह्यली," तो शांतपणे म्हणाला. "माह्या हातचे दात लावून माह्या बहिणीले बोल लावू नका. ते दात ती मरेपर्यंत घालन. खोली घ्या तुमची."

मालगुजारांनी तोंड मिटलं. रागानं मिटलं की कवळी पडेल या भीतीनं, ते देव जाणे.

त्याच दुपारी आम्ही दोघांनी यंत्र उचलून त्याच्या ओसरीवर आणलं. तीन दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. चौथ्या दिवशी मालगुजारांचा गडी रुमालात काहीतरी बांधून आला. खालची कवळी! डोमाजीनं ती मुकाट्यानं घासूनपुसून घट्ट करून दिली. माझं मात्र टाळकं सरकलं. एवढा ताठा, आणि वर त्याच माणसाची चाकरी? आणि हे सगळं एका रंगापायी? अंजिराबाईनं तरी काळे दात मागितले होते का, असं मी तोंडावर विचारलं.

"ती कायले मागते," डोमाजी म्हणाला. यंत्रावरचा पाय त्यानं काढून घेतला.

"तिचा नवरा मेला तवा मी दहा वर्साचा होतो. बाया विटकरीच्या भुकटीनं तिचे दात घासून राह्यल्या होत्या, काळं निघावं म्हणून. हिरड्यांतून रगत येऊन राह्यलं होतं. ती सुटाले पाहे, आवरेच ना. मंग त्यायनं मले हाक मारली. तिचे हात म्या धरलते, मास्तर. मले वाटलं, बाईले औषध लावून राह्यल्या."

माझीच मला लाज वाटली. आतून अंजिराबाईनं हाक मारली, तिनं माझंही ताट वाढलं होतं. एरवी ती आमच्यामागून जेवायची. त्या दिवशी आमच्यासमोरच बसली, तोंडावरचा पदर खांद्यावर टाकला आणि भाकरीबरोबर कच्चा कांदा कडाकडा खाऊ लागली. डोमाजीनं मान खाली घातली होती. भाकर पुढे तशीच होती.