आजीच्या खुर्चीखाली काय पडलं?

रविवारी दुपारी ठीक चार वाजता भिंगवाल्याने फ्रेमवालीच्या घराची घंटा वाजवली, आणि चार वाजून सहा मिनिटांनी तिचे वडील सोफ्याखाली हात घालून पालथे पडले होते. मधल्या सहा मिनिटांत जे घडलं, त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोयच नव्हती.

दोघंही चष्म्याच्या एकाच दुकानात कामाला. तो मागच्या खोलीत बसून काचा घासायचा, ती पुढे गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवायची. तो या देशात परका, ती इथलीच. पण त्याने घासलेली काच तिच्या फ्रेममध्ये पहिल्याच दाबाला टक्‌ करून बसे, आणि गेल्या चार महिन्यांत त्या दोघांचंही तसंच बसत चाललं होतं. आज घरच्यांशी पहिली भेट होती.

"बाबांशी हात मिळव, आईला फुलं दे," तिने पढवून ठेवलं होतं. "आणि आजीला सांभाळ. आमच्या घरात आजीचं मत तेच घराचं मत. तिला तू पटला नाहीस, तर मी कितीही रडले तरी उपयोग नाही."

इकडे त्याच्या घरून आईचा फोन. ही माउली गावातलं एकही कीर्तन चुकवत नसे. बुवांच्या गळ्यात हार पडायच्या आत ती त्यांच्या पाया पडून मोकळी, आणि मागून मुलाच्या मानेवर हात दाबून त्यालाही वाकवणार.

"मोठ्या माणसाच्या पाया पडल्याशिवाय बूड टेकायचं नाही, सांगून ठेवते."

"आई, इथं असलं काही नसतं गं. हसतील मला."

"हसू देत. हसल्याने कुणाचे पाय झिजत नाहीत."

पण त्याचा निश्चय झाला होता. या देशात आल्यापासून आठ महिने तो काचांबरोबर स्वतःलाही घासत होता. केसांचं तेल गेलं, कामावर गुणगुणणं गेलं, मोठ्याने शिंकणंसुद्धा गेलं. घासून घासून त्याने स्वतःचा नंबर शून्यावर आणला होता. आज वाकायचं नाही म्हणजे नाही.

हात मिळवून झाले, फुलं देऊन झाली. मग समोर आली आजी. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, गुडघ्यांवर शाल, पायात लोकरी सपाता, आणि ते पाय बुटक्या चौरंगावर असे नीट जोडून ठेवलेले, की जणू वाटच पाहताहेत. त्याने तिच्यासाठी स्वतः काचा घासून आणलेला चष्मा पुढे केला. आजीने तो चढवला आणि त्याला शेंडीपासून टाचेपर्यंत न्याहाळलं.

तेवढ्यात, हजारो कोसांवरून, मानेवर आईचा हात पडला. तो वाकला. बोटं सपातांना लागली, हात छातीशी गेला, आणि मग त्याला भान आलं की आपण कुठे आहोत. तो तसाच, अर्धा वाकलेला, थिजला.

"काय पडलं?" वडिलांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "काही नाही. लहानसंच आहे."

"लहानसं म्हणजे?" फ्रेमवालीच्या आईने विचारलं.

"म्हणजे... गोल."

"बटण?"

इथे 'हो' म्हणता आलं असतं. पण गडी मुळात प्रामाणिक. शर्टाकडे बघून म्हणाला, "नाही, बटणं सगळी आहेत."

"चकाकणारं होतं का?"

"थोडंसं."

"अगंबाई, मागणीची अंगठी!" आईने दोन्ही हात गालांवर ठेवले, आणि त्याची मान आपसूक हलली. मागे फ्रेमवालीच्या हातातला चमच्यांचा ट्रे खाली आला.

बुवांनी चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी तो असा उचलावा, की पुढे बुवांनाही आवरू नये, तसं त्या घराने ते अंगठीचं प्रकरण उचललं. वडील सोफ्याखाली गेले. आई ओरडली, "जागचं हलू नका कुणी!" आणि स्वतः सतरंजी गुंडाळत घरभर फिरली. भिंगवाला "राहू द्या हो, जाऊ द्या हो" म्हणत मागे मागे.

"राहू द्या काय?" वडील सोफ्याखालून म्हणाले. "माणूस पहिल्यांदा घरी येतो आणि त्याची अंगठी आमच्या घरात हरवते? लोक काय म्हणतील?"

मग त्यांना खुर्चीमागे जमिनीचा उतार दिसला. त्या उताराने अंगठी घरंगळली, तर थेट भिंतीजवळच्या कपाटाखाली जाणार. कपाट म्हणजे नुसता डोंगर. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा नळवाला, वर कसली धडपड चाललीय म्हणून भांडायला आला. त्याला भांडायची संधीच मिळाली नाही. वडिलांनी त्याला कपाटाचं एक टोक धरायला लावलं. कपाट हलेना, म्हणून ते रिकामं करायचं ठरलं. बशा पलंगावर, वाडगे न्हाणीघरात, जेवणाची ताटं जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक. "हं, लावा जोर!" तिघांनी कपाट हात-दीड हात सरकवलं.

खाली बुद्धिबळातला घोडा निघाला. फ्रेमवालीचा दुधाचा दात निघाला. एका लग्नाचं आमंत्रण निघालं; त्या जोडप्याची फारकत होऊनही सहा वर्षं झाली होती. आजीचं शिवणकामाचं अंगुस्तानही निघालं, ते तिने "द्या इकडे" म्हणून शांतपणे बोटात घातलं. अंगठी निघाली नाही. ती जगात नव्हतीच, तर कपाटाखाली कुठून असणार?

"गरम पाण्याच्या पाइपात गेली," नळवाला म्हणाला, आणि कुणी अडवायच्या आत त्याने पाना काढला. खडखड, फुस्स, आणि तो हात उंच करून ओरडला, "सापडली!"

हातात पितळेची कडी होती. भिंगवाल्याच्या तळहातावर ती ठेवताना तो कानाशी कुजबुजला, "पाइपाची आहे. पण हो म्हण, बाबा. माझी कंबर गेली, आणि परत जायला जिनाही राहिला नाही."

आईचे डोळे भरून आले. वडिलांनी धुळीचे हात पँटला पुसले. फ्रेमवाली भिंतीला टेकून उभी, पांढरीफटक. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग त्या कडीकडे. एक 'हो' म्हटलं की सगळं मिळत होतं. पण पाइपाच्या कडीवर आणि थापेवर संसार मांडायचा? काचेला तडा असला तर तिला कितीही पॉलिश केलं तरी ती नजरेला त्रासच देते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"ही माझी नाही," तो म्हणाला. "अंगठी नव्हतीच. मी आजींच्या पाया पडत होतो. आमच्यात मोठ्यांना तसा नमस्कार करतात. तुम्ही हसाल असं वाटलं, म्हणून..."

वडिलांनी जिन्यावरच्या ताटांकडे पाहिलं. मग पलंगावरच्या बशांकडे.

"म्हणजे अंगठी नाहीच?" फ्रेमवालीने विचारलं.

"नाही."

"सुटले!" ती मटकन खाली बसली. "तासभर तुला 'नाही' कसं म्हणायचं, तेच घोकतेय मी!"

"नाही?" त्याचा चेहरा पडला.

"आत्ता नाही रे! चारच महिने झालेत, वेड्या. वर्षभराने विचारून बघ, मग सांगते."

"मला ठाऊक होतं," खुर्चीतून आवाज आला. सगळे वळले. "तुझ्याच चष्म्यातून स्वच्छ दिसलं. वस्तू शोधणारा माणूस हात छातीशी नेत नाही. शिवाय ही पोरगी दोन आठवडे रोज माझ्या पायांशी वाकतेय. म्हणे, 'त्याच्या आईला भेटायचंय, सराव करते.'"

फ्रेमवाली कानापर्यंत लाल झाली. त्याला हसू की रडू कळेना.

"ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस, आई?" वडील कळवळून म्हणाले.

आजीने अंगुस्तानाचं बोट नाचवलं. "आठ वर्षं सांगतेय, कपाट सरकवा, कपाट सरकवा. ऐकलंत कुणी? ये रे, अर्धवट राहिलंय तुझं."

तो पुढे झाला, आणि या वेळी मानेवर कुणाचा हात नसताना, मनापासून, पूर्ण वाकला. आजी घुटमळली.

"आता डोक्यावर हात ठेव," फ्रेमवालीने मागून सांगितलं, "आणि आशीर्वाद दे."

आजीने हात ठेवला. थोडा विचार केला. "कपाट जागेवर लाव," ती म्हणाली.

"आधी ती कडी द्या!" नळवाला किंचाळला. "माझ्या घरात गळायला लागलं असेल!"

संध्याकाळी आईचा फोन आला. "पाया पडलास?"

"पडलो."

"मग? काय म्हणाल्या आजी?"

"कपाट उचलून जागेवर लाव म्हणाल्या."

पलीकडून आईने नाक ओढल्याचा आवाज आला.

"पाहुण्याला कुणी कपाट उचलायला सांगतं का रे?" ती म्हणाली. "घरचा धरला तुला."