चाकाचं बेअरिंग आणि सासूबाईंचा डोळा

मागच्या चाकाचं बेअरिंग बदलायला गॅरेजवाला कशाला हवा? चार बोल्ट काढायचे, जुनं बाहेर ओढायचं, नवं बसवायचं, चार बोल्ट पिळायचे. संपलं! शनिवारी नाश्त्याला मी हे इतक्या थाटात जाहीर केलं, की आमच्या बायकोचा, लिनियाचा, पॅनकेक तव्यावरच करपला.

"व्हर्लिन, सोमवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सकाळीच डलूथच्या हॉस्पिटलात पोचायचंय. ही तारीख हुकली, तर पुढची थेट उन्हाळा संपल्यावर!"

"दुपारच्या जेवणाआधी गाडी तयार!"

"आणि गाडी एकच आहे आपल्याकडे."

आमच्या सासूबाई, बोर्गहिल्डबाई, शेजारी बसून कॉफीचा कप चाचपडत होत्या. मोतीबिंदू इतका पिकला होता की त्यांच्या लेखी मी म्हणजे एक करडा डाग आणि त्यातून येणारी बडबड. "माझ्यापायी त्रास नको घेऊस बाबा," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर राहू दे." आमच्या उत्तर मिनेसोटात बाई असं म्हणाली, की ती मनातून पार घाबरलेली आहे असं समजावं. मी समजलो, म्हणून तर छाती जास्तच फुगवली.

रोगनिदान मी आधीच केलं होतं. वेग घेतला की गाडी मागून घुंऽऽ करायची. तळ्याकाठच्या मोकळ्या रस्त्यावर नागमोडी चालवून पाहिली. उजवीकडे वळवली की आवाज वाढतो. म्हणजे उजवं चाक! यात विचार तो काय करायचा?

आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये कुणी गॅरेजचं दार वर केलं, की ते शेजाऱ्यांना आमंत्रणच असतं. मी चाक काढतोय तोवर समोरचे आर्व्हिडकाका कॉफीचा मग घेऊन हजर! दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त.

"मदत लागली तर..."

"छे छे, झालंच म्हणा की!"

आमच्याकडे मदत तीनदा विचारायची रीत आहे. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा "बरं, आलाच आहात तर..." म्हणायचं. पहिल्या खेपेलाच हो म्हणणारा निर्लज्ज, आणि न विचारता शिकवणारा त्याहून वाईट.

काका गाडीभोवती एक फेरी मारून आले. "उजवं काढतोयस?"

"उजवं!"

"हं. वेगळंच काहीतरी."

आमच्या गावात याहून कडक कुणी बोलत नाही. चर्चच्या नाताळच्या नाटकात अख्खा पडदा मेंढ्यांसकट कोसळला, तेव्हाही लोक चहाला "वेगळंच होतं" एवढंच म्हणाले होते! पण माझ्या हातात हातोडा होता. हातात हातोडा असलेल्या माणसाला सगळंच कौतुक वाटतं.

बोल्ट निघाले. बेअरिंग निघेना! हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंजून ते असं चिकटलं होतं जणू घरजावईच. तेल मारलं, हातोडा मारला, शिव्या मारल्या. आवाज ऐकून गल्ली जमली. सगळे खिशात हात घालून उभे, सगळे गप्प. आर्डिसकाकूंनी तर गरमागरम हॉटडिशचं भांडं आणून माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलं. खाली खिमा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. वास असा की हातोड्याचा नेम चुकावा.

"मदत लागली तर..." काकांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नको नको!" म्हणत मी जीव खाऊन घाव घातला. बेअरिंग सुटलं, उडालं आणि सगळ्या ग्रीससकट थेट खिम्यात जाऊन बसलं!

कुणी हसलं नाही. आर्डिसकाकूंनी भांड्यात डोकावून पाहिलं. "चीज जरा कमी पडलं का रे?"

काकांनी मात्र घड्याळ बघितलं आणि लगबगीने निघून गेले. कंटाळले असतील, असं मला वाटलं.

नवं बेअरिंग बसवून संध्याकाळी तिघं फेरी मारायला निघालो. गावाबाहेर वेग घेतला आणि... घुंऽऽ!

मागून सासूबाई म्हणाल्या, "माझ्याच खालून येतोय की."

"तुम्ही कुठे बसलाय, आई?"

"डावीकडे. नेहमीसारखी. थँक्सगिव्हिंगच्या सणापासून माझ्या बुडाखाली घुमतंय ते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा उत्साहात होतास! आणि मला इथे फुकट बसवून फिरवता, वर तक्रार कसली करायची?"

उजवीकडे वळलं की सगळा भार डाव्या चाकावर येतो, हे मला तिथे, त्या रस्त्यावर सुचलं! जे धडधाकट बेअरिंग मी हातोड्याने ठार केलं ते खिम्यात होतं. रविवारी दुकान बंद. सासूबाई हळूच म्हणाल्या, "जाऊ दे. उन्हाळा काय, बघता बघता संपेल."

रविवारी प्रार्थनेला गेलो, पण लक्ष कुठलं! घरी आलो तर दारात आर्व्हिडकाका. काखेत एक खोका.

"तिसऱ्यांदा विचारतोय," ते म्हणाले. "मदत लागली तर..."

खोक्यात नवं बेअरिंग होतं! शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत धावत जाऊन आणलेलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण तू नको म्हणालास ना."

"बरं," मी डोळे पुसत म्हणालो, "आलाच आहात तर..."

काकांनी हातोडा माझ्याकडून काढूनच घेतला. "उपटायचं नाही. हलवून हलवून सैल करायचं. अक्कलदाढ आहे ही." गल्लीतल्या एकाने टॉर्च धरला, एकाने तेल मारलं. बेअरिंग निमूट बाहेर आलं. आर्डिसकाकूंनी दुसरी हॉटडिश केली होती, पण ती दाराबाहेरच ठेवली!

सोमवारी गाडी इतकी शांत चालली की सासूबाईंना मागे झोप लागली. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. गल्लीचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही, आणि कुणी फेडूही देणार नाही. हे सगळं मी सासूबाईंना सांगत होतो. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, लिनियाकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. मग वर्षभराने पहिल्यांदा मला नीट, वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"हं," त्या म्हणाल्या. "वेगळाच आहेस रे!"