थोरल्या महाराजांच्या शॉकअपांची हकीकत

श्री. रस्त्यांचा धनी आणि खड्ड्यांचाही धनी तो एकच, त्यास दंडवत घालून लेखनास आरंभ केला. शके १९४५, शोभननाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. स्वामींनी पुसिले की, थोरल्या महाराजांची मोटार इतकी देखणी असता मातोश्री तीत का बसत नाहीत? तरी मजकूर ऐसा जे.

थोरले महाराज हैबतराव कैलासवासी जाहले, त्याचे आदल्या साली त्यांनी मोटारीचे धक्के सोसणारे चारही शॉकअप स्वहस्ते बदलिले होते. मातोश्री उमाईसाहेबांची कंबर दुखे आणि दर शुक्रवारी डोंगरावरील देवीस जाणे तर चुकत नसे. मग महाराजांनी मऊ चालीचे शॉकअप निवडिले आणि बाह्या सरसावून, रथशाळेत दिवसभर खपून बसविले. पुढे महाराज गेले आणि मातोश्री मागल्या आसनावर बसून देवीस जात राहिल्या, आणि वाटेत डोळे मिटून घेत. तेव्हा त्यांजशी कोणी बोलत नसे.

मग गादीवर चिरंजीव भुजंगराव आले. स्वभाव प्रेमळ, परंतु डौलाची हौस दांडगी. शेजारच्या राज्यातील मोटार जमिनीस टेकलीशी पाहिली आणि रात्रीची झोप उडाली, आणि आपली मोटारही तैशीच खाली बसावी म्हणून आखूड, कडक स्प्रिंगा आणविल्या. रथशाळेचे दारोगा इब्राहीम मिस्त्री यांनी अर्ज केला की, स्प्रिंग आखूड जाहली म्हणजे शॉकअपही तिजजोगे आखूड आणि कडक पाहिजेत. जुने घातले तर त्यांचा दांडा आधीच आत दबून बसेल, आणि खड्डा आला की तळास आपटेल. पुढील दोन तर स्ट्रट, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत, तेथे एकास बदलून दुसऱ्यास तैसेच ठेवणे ठीक नव्हे. धाकट्या महाराजांस हे सर्व ठाऊक होते. परंतु बोलले, "आबांच्या हातचे आहेत. ते मी काढणार नाही." मग राणी सगुणाबाईंनी हलकेच सुचविले की, पुसून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवावे. तर महाराज रुसले की, जुन्या मानकऱ्यांस घरी बसविणे ही आमची रीत नव्हे. आणि त्याच जुन्यांवर नव्या स्प्रिंगा चढविल्या.

मोटार खाली बसली आणि नगरात वाहवा जाहली, आणि महाराजांनी मिशीस पीळ भरला. पुढील शुक्रवारी मातोश्री स्वार जाहल्या. घाटाच्या वाटेने मोटार दाणदाण आपटत गेली, आणि मातोश्रींनी दोहो हातांनी आसन धरिले, आणि डोळे उघडेच राहिले. देवीपाशी उतरताना कंबरेस हात लावून म्हणाल्या, "बाळा, या गाडीत बसले की हे पुढं बसल्यासारखे वाटत. आज वाटले नाहीत." महाराज बोलले की, स्प्रिंगा नव्या आहेत, रुळतील. आणि उतारावर, एका खड्ड्यात, पुढील स्ट्रट फुटला, आणि तेल रस्त्यावर सांडले. मागले दोन त्याअगोदरच पाझरत होते.

मग महाराजांनी स्प्रिंगांच्या जोडीचे आखूड शॉकअप आणि स्ट्रट बसविले, आणि मोटार सुरेख चालू लागली. जे आरंभी करावयाचे ते शेवटी केले. महाराज हर्षे मातोश्रींस बोलावू गेले. त्यांनी पुसिले, "यांचे कुठं आहेत?" महाराजांनी रथशाळेच्या कोपऱ्यात नेले. तेथे जुने चारही पडले होते, एकाचा दांडा वाकला होता, सर्व तेलाने माखले होते. मातोश्रींनी एक उचलिला, पदराने पुसला, आणि पदर काळा जाहला. मग म्हणाल्या, "जपायचे होते, तर काढून ठेवायचे होतेस रे."

सारांश, मोटार दारी आहे, चाल उत्तम आहे, लोक थांबून पाहतात. दर शुक्रवारी मातोश्री रिक्षाने देवीस जातात आणि महाराज रिकामी मोटार घेऊन मागून जातात. हकीकत इतुकीच.